लांबडं

आमच्या भोगावतीकाठच्या गावांत सापाला साप म्हणायची पद्धत नव्हती. दिवस मावळल्यावर तर नाहीच नाही. नाव घेतलं की ते येतं, अशी समजूत. म्हणून 'लांबडं' म्हणायचं, फार तर 'जनावर'. ते चावलं तर 'पान लागलं' म्हणायचं. गुराख्यांना आणि धनगरांना नावं ठाऊक होती. धामण, दिवड, नानेटी, मांडूळ हे शब्द काही शाळेतून आलेले नाहीत. पण घरात आडव्या तुळईवर काही सळसळलं, की ही सगळी नावं पुसली जायची आणि एकच आरोळी उठायची, "आरं, लांबडं निघालंय!" मग कुणी काठी शोधायचं, कुणी हात जोडायचं. त्याची जात विचारायला सवड कुणाला?

तेव्हाची घरंही सापाला मानवणारी होती. पांढऱ्या मातीच्या भिंती, त्यांत उंदरांची बिळं, वर खापरी कौलं, माजघरात भाताच्या कणग्या, चुलीमागं जळण, परड्यात शेणीचा हुडवा आणि गवताची व्हळी. धान्य होतं म्हणून उंदीर होते आणि उंदीर होते म्हणून साप. पाली आणि बेडूक वेगळेच. आज्जी हे बरोबर जाणून होती. धामण दिसली की ती म्हणायची, "जाऊ द्या तिला, उंदरावर आलीया." पण हीच आज्जी धामण म्हणजे नागाची मादी आहे, ती गोठ्यात गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते, आणि तिच्या शेपटीचा फटका बसला की अंग सडतं, असंही सांगायची. सापाच्या तोंडाची ठेवण चोखून दूध ओढायची नाही आणि नाग-धामणीचं नातं भावकीइतकंही जवळचं नाही. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्या की लोक त्यांच्यावर नवं कापड टाकायला धावायचे. ते लग्न नसतं, दोन नरांची कुस्ती असते. कुस्तीचं वेड असलेल्या कोल्हापुरात हे कुणाच्याच ध्यानात येऊ नये, याची मला अजून गंमत वाटते.

पान लागलं की देवरुशी. गावाबाहेरच्या वस्तीवर एक होता. तो कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला नाही तर विष चढलं म्हणायचं. मग मंत्र, अंगारा, चाव्याजागी कोंबडीची पिल्लं लावणं, ब्लेडनं चिरणं, वर सुतळीनं करकचून बांधणं. त्याच्याकडं दहा माणसं गेली तर सात-आठ चालत घरी यायची. मग नारळ, कोंबडा, जोतिबाला पेढे. माझ्या चुलत्याला तळ्यावर दिवड चावली होती. पाण्यातला साप, बिनविषारी, पण भारी चिडका. चुलत्यालाही देवरुशानं 'उतरवलं'. ती दिवड होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी गुण मंत्राचाच.

इतक्या वर्षांनी मागं बघताना मला वाटतं, आमच्या मुलखातल्या मंत्राचा लौकिक बिनविषारी सापांनीच सांभाळला. घराशेजारी सापडणारे बहुतेक साप बिनविषारी. विषारी नागसुद्धा चावताना दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे देवरुशानं काहीही केलं तरी जास्तीची माणसं वाचणारच होती. उरलेल्यांचं 'आयुष्य तेवढंच होतं'.

थोरली काकी त्या उरलेल्यांतली. 1968 चा आषाढ होता. बाहेर धार लागलेली, आत जमिनीवर वाकळ टाकून बायका-पोरं झोपलेली. मध्यरात्रीनंतर काकी उठली, पोटात कळ येतीया म्हणाली. ओवा दिला, हिंग दिला. अंगावर कुठं रक्त नाही, सूज नाही. पहाटे तिच्या पापण्या जड झाल्या, शब्द अडखळायला लागले. तेव्हा वाकळ झटकली, तर खालून काळं, चकचकीत, पांढऱ्या बारीक पट्ट्यांचं जनावर निघालं. देवरुशी आला. बाहेर बैलगाडी जुंपेपर्यंत श्वास आखडला. मण्यार रात्री फिरते, उबेला येते, तिचा चावा मुंगीसारखा वाटतो आणि विष मज्जातंतूंवर चालतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पोटदुखी आणि जड पापण्या ही तिचीच खूण. घरातल्या कुणालाही ती वाचता आली नाही.

त्यानंतर आमच्या वाड्यात पट्ट्यापट्ट्यांचं जे दिसेल ते ठेचलं गेलं. त्यात बहुतेक कवडे होते. कवड्या पालींच्या मागं भिंतीवर चढतो, बिचाऱ्याला विष नाही. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे मानेमागं थोडी जागा सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. एवढ्या दोन ओळी कुणी तेव्हा सांगितल्या असत्या तर!

अर्थात सरसकट मारणं ही काही अडाण्यांचीच रीत नव्हती. घाटाखाली रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रज सरकारनं फुरशांवर बक्षीस लावलं होतं. 1862 मध्ये काही दिवसांतच लाखावर फुरशी मारली गेल्याची सरकारी नोंद आहे. एवढं होऊनही फुरसं कोकणातल्या सड्यावर आजही आहेच.

माझं आजोळ चंदगड तालुक्यातलं. तिथल्या ढोलगरवाडीच्या मामासाहेब लाड विद्यालयात बाबुराव टक्केकर नावाच्या शिक्षकांनी साठच्या दशकात साप पाळून पोरांना शिकवायला सुरुवात केली. नागपंचमीला बाकीचा मुलूख वारुळाला लाह्या-दूध वाहत असताना इथं शाळेच्या आवारात जिवंत साप दाखवून त्यांची माहिती सांगायचे. मी मामाच्या पोरांबरोबर गेलो तेव्हा सातवीत असेन. आमच्यासारखीच अनवाणी, खाकी चड्डीतली पोरं हातात धामण घेऊन बोलत होती. 'लांबडं' नव्हे, धामण. हा विषारी, हा बिनविषारी, हा निमविषारी. म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. एक आजी म्हणाली, "बाई गं, ह्याला तर आमी चार डाव मारला की." शेजारच्या सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला त्याच दिवशी जिवंत नागांची मिरवणूक निघायची. 1972 चा वन्यजीव कायदा आणि नंतर उच्च न्यायालयाचे आदेश आल्यावर ती थांबली. मला शिराळकरांची श्रद्धा खोटी वाटत नाही. पण लोकांच्या हाती काय राहिलं असं विचाराल, तर ढोलगरवाडीचं पारडं जड. पुढं 1980 मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे 72 सापांबरोबर 72 तास काचेच्या खोलीत राहिले, तेव्हा आमच्या चावडीवर त्याची महिनाभर चर्चा होती.

तोवर शिवारही बदललं होतं. राधानगरी धरणाचं पाणी, मग भोगावती, बिद्री, वारणा असे सहकारी कारखाने. जोंधळा मागं सरला, ऊस आला. उसाच्या फडात गारवा, पाल्याचा थर आणि उंदरांची चंगळ. घोणशीला आणखी काय हवं? ती पळत नाही, जागेवर वेटोळं करून कुकरच्या शिट्टीगत फुत्कारते. पाल्यात ती दिसतच नाही आणि भांगलणाऱ्या बाईचा हात नेमका तिच्यावर जातो. तिचं विष रक्ताची गोठण्याची ताकद काढून घेतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. तिला अजगराचं पिल्लू समजून उचलणारे शहाणेही मी ऐकले आहेत.

यावर उपाय एकच, लस. परळच्या हाफकिनमध्ये घोड्यांच्या रक्तापासून ती व्हायची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच. त्यामुळं डॉक्टरला दाखवायला साप मारून पिशवीतून नेण्याची गरज कधीच नव्हती, पण लोक अजून नेतात. आता चावा झाला की बांधायचं नाही, चिरायचं नाही, हातपाय हलवू न देता गाडीत घालायचं आणि थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरला किंवा लस असलेल्या जवळच्या दवाखान्यात गाठायचं. तिथं काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरसं धरून चालतात. मला ही साधी नळी फार मोठी गोष्ट वाटते. कडुनिंबाच्या पाल्याच्या जागी ती आली.

तरी सगळं निस्तरलं असं नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशानं गेली, असा अभ्यास 2020 मध्ये आला. त्यात बहुतेक खेड्यातलीच. हल्ली गावोगाव सर्पमित्र झालेत. त्यांतली पुष्कळ पोरं जीव लावून काम करतात. काही मात्र नाग गळ्यात घालून फोटो काढतात, आणि मला तिथं शिराळ्याचीच मिरवणूक मोबाईलवर चाललेली दिसते.

आमचं घर आता स्लॅबचं आहे. कणग्या गेल्या, व्हळी परड्याच्या पार टोकाला गेली. पावसाळ्यात सगळे खाटेवर झोपतात. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली असते, ती डासांपेक्षा मण्यारीसाठी. रात्री परड्यात जायचं तर बॅटरी आणि पायात बूट. मागच्या श्रावणात हुडव्यातून सात-आठ फुटांची धामण निघाली. धाकट्या सुनेनं लांबूनच डोळे आणि ओठांवरच्या काळ्या रेघा बघितल्या आणि पोरांना म्हणाली, "धामण हाय, सरा तिकडं, वाट द्या तिला." धामण कुंपणाच्या निवडुंगातून उसात गेली. सून परत शेणी थापायला बसली.