सुई सगळ्यांसाठी, भार कुणावर?



गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जाचा विषय संपला आणि लसीकरणाचा निघाला. दोन दिवसांनी अंगणवाडीत सत्र होतं. एका सुनेने विचारलं, "ताई, सुई टोचल्यावर ताप येतो हे माहीत आहे. पण एखाद्या लेकराला खरंच काही मोठं झालं, तर त्याचं कोण बघणार?" कुणीतरी म्हणालं, "असं अभद्र बोलू नये गं." पण प्रश्न अभद्र नव्हता. दुसऱ्या देशांतल्या आईवडिलांनीही तो सरकारला आणि न्यायालयाला विचारला होता. त्यांना काय उत्तर मिळालं, ते आज सांगणार आहोत.

सुरुवात करू या अमेरिकेतून. एप्रिल 1955 मध्ये तिथे पोलिओची साल्क लस सुरू झाली. लोकांना एवढा आनंद झाला की चर्चच्या घंटा वाजल्या. पण काही आठवड्यांतच कॅलिफोर्नियातल्या कटर कंपनीच्या लसीने मुलांना पोलिओ होतोय असं दिसलं. लसीतला विषाणू पूर्ण मारलेला असायला हवा होता. काही बाटल्यांत तो जिवंत राहिला होता. कित्येक मुलं लुळी पडली, काही दगावली. सरकारने ती लस परत घेतली आणि तपासणीचे नियम कडक केले.

दोन कुटुंबं न्यायालयात गेली. 1958 मध्ये ज्यूरीने, म्हणजे निवाड्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांनी, निकाल दिला. कंपनीने हलगर्जी केली असं सिद्ध होत नाही, पण तिच्या लसीने मुलांना आजार झाला, म्हणून भरपाई द्यावी. चूक सिद्ध झाली नाही तरी नुकसान भरून द्यायचं, हा विचार इथे ठळकपणे पुढे आला.

आता ब्रिटनला जाऊ. तिथे डांग्या खोकल्याची लस त्रिगुणी सुईतून देत असत. 1974 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी 36 मुलांची माहिती छापली. या सुईनंतर त्यांना झटके आले किंवा मेंदूचा आजार झाला, असं त्यात होतं. त्याच सुमारास रोझमेरी फॉक्स या आईने इतर पालकांना सोबत घेऊन संघटना उभी केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. लस घ्या असं सरकारच सांगतं, कारण त्याने सगळ्या समाजाचं भलं होतं. मग सगळ्यांच्या भल्यात एखाद्या मुलाचं नुकसान झालं, तर ते एकट्या आईने का सोसायचं?

त्या पत्रं लिहीत राहिल्या, खासदारांना भेटत राहिल्या. 1979 मध्ये कायदा झाला. लसीमुळे 80 टक्के अपंगत्व आलं असेल, तर एकरकमी 10,000 पौंड. कुणाची चूक, हे सिद्ध करायची अट नाही. पालकांना ही रक्कम फार तोकडी वाटली आणि त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. पुढे 2002 मध्ये अट 60 टक्क्यांवर आली आणि 2007 मध्ये रक्कम 1,20,000 पौंड झाली.

पण मैत्रिणींनो, या गोष्टीची दुसरी बाजूही ऐकायला हवी. भीतीने लोकांनी लस घेणं सोडलं. पूर्वी 100 पैकी सुमारे 80 मुलांना ही लस मिळायची, ती संख्या 30 च्या आसपास आली. मग डांग्या खोकल्याच्या दोन मोठ्या साथी आल्या आणि त्यात बाळं दगावली. 1988 मध्ये लंडनच्या न्यायालयाने महिनोन्‌महिने साक्षी ऐकून सांगितलं की, या लसीने मेंदूला कायमची इजा होते हे सिद्ध झालेलं नाही. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशाच आजाराचे 14 रुग्ण तपासले. त्यातल्या 11 जणांत जन्मापासूनच जनुकाचा दोष निघाला. म्हणजे बऱ्याचदा कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती.

मग त्या आया खोट्या होत्या का? आम्हाला तसं वाटत नाही. मूल आजारी होतं, रात्रंदिवस सेवा करावी लागत होती, हे खरंच होतं. कारण ओळखण्यात चूक झाली असेल, पण मदतीची गरज खरी होती.

तिकडे अमेरिकेत खटले इतके वाढले की कंपन्या लस बनवणं सोडू लागल्या आणि लसीचा तुटवडा पडला. म्हणून 1986 मध्ये तिथे कायदा झाला. त्याची रीत आपल्याला लगेच समजेल, कारण ती बचत गटासारखी आहे. एका आजारावरच्या लसीच्या प्रत्येक डोसमागे 75 सेंट एका निधीत जमा होतात. ज्याचं नुकसान होतं, त्याला त्या निधीतून मदत मिळते. कोणत्या लसीनंतर किती वेळात काय झालं तर ते लसीमुळे धरायचं, याचा तक्ता केलेला आहे. जीवघेणी ॲलर्जी चार तासांच्या आत झाली, तर ती लसीची धरतात. तक्त्यात न बसणाऱ्याने पुरावा द्यायचा. पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांत दावा करायचा.

तिथले पुष्कळ दावे तडजोडीने मिटतात. अशा तडजोडीत लसीनेच नुकसान झालं असं सरकार कबूल करत नाही. कुटुंबाला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवण्यापेक्षा मदत देऊन प्रकरण मिटवलं जातं. म्हणून "पैसे दिले, म्हणजे लस वाईटच" असं कुणी सांगितलं, तर तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आपल्या देशात संसदेने असा स्वतंत्र कायदा केलेला नाही. भरपाईसाठी न्यायालयात जावं लागतं. मात्र लसीनंतरच्या त्रासाची नोंद घेण्याची आणि गंभीर प्रकरण तपासण्याची व्यवस्था आहे. त्यासाठी जिल्हा, राज्य आणि देश पातळीवर समित्या आहेत. पण आपण कळवलं नाही, तर त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही.

या सगळ्या इतिहासात दावा उभा राहिला किंवा पडला तो नोंदीवर. सुई कधी दिली, पहिलं लक्षण कधी दिसलं, डॉक्टरांनी काय लिहिलं? आपण गटाची वही जशी पै-पैसा लिहून ठेवतो, तसंच बाळाचं कार्ड जपायचं. सुईनंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. जास्त त्रास दिसला तर तारीख, वेळ लिहायची, लगेच दवाखाना गाठायचा आणि आशाताईला, सिस्टरना कळवून नोंद झाली का ते विचारायचं.

त्या सुनेला आम्ही बैठकीत एवढंच सांगितलं, "सुई चुकवू नकोस आणि प्रश्न विचारणंही सोडू नकोस." सत्राच्या दिवशी ती बाळाला घेऊन आली. जाताना कार्ड पिशवीत ठेवण्याआधी तिने त्यावरची तारीख नीट वाचून घेतली.