भाजावळ आणि कायदा

मालवणच्या किनाऱ्यावर उन्हाळा सरत आला म्हणजे परसांतील पातेरा, वाळविलेली कवळ, गवत व शेण तरव्याच्या जागेवर पसरून मृगापूर्वीं पेटवून देतात. हीच भाजावळ, उत्तर कोंकणांत हिला राब म्हणतात. परक्यास हा निव्वळ नाश वाटतो. परंतु त्या आंचेनें तणाचें बीं मरतें, मातीस राख मिळते व भाताचें रोप जोमानें वाढतें. 1912 सालीं मॅन, जोशी व कानिटकर या शेतकीशास्त्रज्ञांनीं राबावर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला, यावरूनच ही रूढि विचारास पात्र होती हें दिसतें.

इंग्रजी अंमलांत या अग्नीस पहिली मोठी आडकाठी जंगलखात्याकडून झाली. 1878 च्या कायद्यानें राखीव रानांत विस्तव लावणें गुन्हा ठरलें व कवळ तोडण्यावरहि बंधनें आलीं. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत याविषयीं इतकी तक्रार वाढली कीं, 1885 सालीं सरकारास चौकशी कमिशन नेमावें लागलें. परसांतील आगीची गोष्ट निराळी. तिला 1860 च्या दंडसंहितेचें 285 वें कलम लागू पडे. पण तें शिक्षा करी ती दुसऱ्याच्या जीवास धोका पोंचविणाऱ्या निष्काळजीपणास, आगीस नव्हे.

हा भेद 2016 सालीं पुसट झाला. त्या वर्षाच्या एप्रिलांतील घनकचऱ्याच्या नियमांनीं उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली आणि बागेंतील पालापाचोळा आपल्याच आवारांत वेगळा ठेवण्यास सांगितलें. डिसेंबरांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें साध्या जाळण्यास 5,000 व मोठ्या प्रमाणावर जाळण्यास 25,000 रुपये आकारणी ठरविली.

हे नियम अकारण आले, असें कोण म्हणेल? पूर्वींच्या पातेऱ्यांत केवळ झाडाचें धन असे. आज त्यांत प्लास्टिकच्या पिशव्या असतात, व त्यांचा विषारी धूर शेजारच्या घरांतील तान्ह्या मुलाच्या छातींत शिरतो. कातळावरील सुक्या गवतास लागलेली ठिणगी पाहतां पाहतां काजूची बाग गिळते. तथापि तरव्याची भाजणी व कचऱ्याची होळी एकाच मापानें मोजणें न्यायाचें नव्हे. एकीच्या पाठीशीं वर्षाचें अन्न आहे, दुसरीच्या पाठीशीं केवळ आळस. जो पातेरा माडाच्या आळ्यांत कुजून खत होऊं शकतो, तो जाळूं नये. जो तरव्यास हवा, तो वारा पाहून, पाणी जवळ ठेवून भाजावा. 1885 सालच्या तक्रारींचा धडा हाच, कीं शेतकऱ्यास न विचारतां केलेला नियम कागदावर राहतो आणि रान जळतच राहतें.