बोरघाटाचा पायथा आणि अळ्यांची साक्ष
मृतदेहावर सर्वांत आधी येते ती हिरवी-निळी चमकणारी माशी. उन्हाळ्यात ती काही मिनिटांतच पोहोचते आणि नाकातोंडात किंवा जखमेत अंडी घालते. दिवसभरात अंडी फुटतात. अळी दोनदा कात टाकते, पोट भरले की मातीत शिरून कोष करते. क्रायसोमिया मेगासेफाला या जातीचे हे चक्र ३० अंशांच्या आसपास साधारण दहा दिवसांत पुरे होते. तिच्याच कुळातल्या रुफिफेसीस माशीची केसाळ अळी मात्र इतर अळ्यांनाही खाते. म्हणजे पुरावाच गिळते.

अळीच्या वयावरून मृत्यूची वेळ काढण्याच्या या कालगणनेला शास्त्राचे रूप दिले ते पॅरिसच्या मेन्यां यांनी, १८९४ मध्ये. तिचे गाजलेले प्रकरण १९३५ चे. स्कॉटलंडमधील मॉफॅटजवळच्या घळीत दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे सापडले. अळ्या १२ ते १४ दिवसांच्या असल्याचे डॉ. मर्न्स यांनी ठरवले. या खुनांसाठी फाशी गेलेला डॉक्टर बक रक्स्टन मूळचा मुंबईचा पारशी होता.

बोरघाटाच्या पायथ्याच्या कर्जत-खालापुरातही घळींना तोटा नाही. घाटाचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला, रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली आणि परमुलखातल्या माणसांची वर्दळ वाढली. बेवारस प्रेत सापडले की १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्यानुसार पहिली चौकशी गावच्या पोलीस पाटलाकडे येई. पंच जमवून पंचनामा होई. विषाचा संशय असेल तर आतडी, जठर मुंबईच्या रासायनिक विश्लेषकाकडे जात. अळ्यांना तशी वाट नव्हती. मोदींच्या १९२० च्या न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाने भारतीय हवामानातले कुजणे डॉक्टरांपुढे मांडले, ही मोठीच सोय झाली.

अडचण उरते ती जागेची. माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर, नेरळ पायथ्याशी. एकाच दिवशी दोहोंत चार-पाच अंशांचा फरक पडतो आणि थंडीत अळी सावकाश वाढते. आषाढातल्या धुवांधार पावसात माशी उडतच नाही. अंडी उशिरा पडतात, मृत्यूची वेळ प्रत्यक्षाहून अलीकडची वाटते. म्हणून काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये, काही जिवंत ठेवाव्या लागतात. प्रेताभोवतीची माती कोषांसाठी चाळावी लागते, जागेचे तापमान टिपावे लागते. एवढे केल्याशिवाय अळ्यांच्या वाढीचे युरोपातले तक्ते घाटातल्या प्रेताला लावणे ही निव्वळ अटकळ ठरते.