रिमोट प्रोसिजर कॉल : दूरच्या संगणकाकडून काम करवून घेताना

बँकेच्या खिडकीवरील संगणक खात्यातील शिल्लक दाखवितो, तेव्हा ती माहिती बहुधा दूरच्या सर्व्हरवरून आलेली असते. सर्व्हरवरील एखादे कार्य जणू आपल्याच यंत्रावर असल्याप्रमाणे करवून घेण्याच्या क्लायंट सॉफ्टवेअरच्या पद्धतीस 'रिमोट प्रोसिजर कॉल' अर्थात 'आरपीसी' म्हणतात. अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातील अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांच्या १९८४ मधील शोधनिबंधाने या पद्धतीचा पाया घातला.

क्लायंटकडील 'स्टब' हा छोटा प्रोग्राम विनंतीची माहिती एकत्र बांधून संदेशरूपाने पाठवितो. सर्व्हरकडील स्टब ती उलगडून काम करवून घेतो आणि उत्तर त्याच मार्गाने परत येते.

खरी कसोटी लागते ती उत्तर न आल्यास. विनंतीच वाटेत हरवली, की काम होऊन केवळ उत्तर हरवले, हे क्लायंटला कळत नाही. शिल्लक पुन्हा विचारल्याने काही बिघडत नाही. पैसे वळते करण्याची विनंती दोनदा अमलात आल्यास मात्र ग्राहकाचे नुकसान होते. म्हणून प्रत्येक विनंतीस स्वतंत्र क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हर काम न करता आधीचेच उत्तर पाठवितो.

सुरक्षेकडेही दुर्लक्ष परवडत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' हा वर्म विंडोजच्या आरपीसी सेवेतील त्रुटीतून जगभर पसरला. त्या त्रुटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच उपलब्ध करून दिली होती; अनेकांनी ती बसविलीच नव्हती.