मुलुंडच्या मुळाची गोष्ट

आमच्या धाकट्याला दमा आहे. थंडी सुरू झाली की त्याचा इनहेलर घरात हाताशी लागतो. यंदा आमच्याकडे राहायला आलेल्या मावशीने इथल्याच एका दुकानातून फोर्स्कोलिनच्या गोळ्या आणल्या आणि इनहेलरशेजारी ठेवल्या. "हे आपलं आहे रे, माइनमुळातलं. तो पंप बंद कर त्याचा."

मी कन्सल्टंट माणूस, डॉक्टर नव्हे. पण त्या "आपलं" शब्दावर अडलो आणि वाचायला बसलो.

मावशीचं म्हणणं एका अर्थाने खरं निघालं. हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीचं संशोधन केंद्र मुंबईत मुलुंडला होतं. मी ठाण्याचा. लोकलच्या खिडकीतून मुलुंड स्टेशन हजारदा पाहिलं, पण हे कधी कानावर आलं नव्हतं. १९७०च्या दशकात तिथे औषधी वनस्पतींचे अर्क एकेक करून तपासत होते. त्यांत माइनमूळ होतं. ही वनस्पती तुळशीच्या कुळातली. गुजराती मंडळी तिच्या मुळांचं लोणचं घालतात, ते गरमर. या मुळाच्या अर्काने रक्तदाब उतरत होता. १९७७ साली सुजाता भट, एन. जे. डिसोझा आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या रेणूची रचना प्रसिद्ध केली. नाव मात्र पडलं फोर्स्कोलिन, लिनियसचा शिष्य फोर्स्कोल याच्यावरून. तो बिचारा १७६३ सालीच येमेनमध्ये वारलेला!

रक्तदाब का उतरतो, याचं उत्तर आपल्या या देशात मिळालं. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

श्वासनलिकेच्या आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत मृदू स्नायू असतात. पेशीत कॅल्शियम वाढलं की एक कायनेज जागं होतं. कायनेज म्हणजे प्रथिनाला फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम. ते मायोसिनला फॉस्फेट लावतं आणि स्नायू आवळतो. दुसरं एन्झाइम ते फॉस्फेट काढतं, की स्नायू सैल. फॉस्फेट लावणं-काढणं हा पेशीतला स्विच आहे, हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी सिएटलमध्ये १९५०च्या दशकात दाखवलं. नोबेल मिळालं १९९२ला. इतकी वाट आमच्या क्षेत्रात कुणी बघणार नाही. त्याच दशकात क्लीव्हलँडला अर्ल सदरलँड यांना सायक्लिक एएमपी सापडलं. पेशीच्या दारावर बाहेरून टकटक झाली की आत निरोप पोचवणारा हा रेणू. तो पीकेए नावाच्या दुसऱ्या कायनेजला उठवतो, कॅल्शियम उतरतं आणि स्नायू सैल पडतो. आमच्या इनहेलरमधलं अल्ब्युटेरॉल हीच टकटक करतं.

अडचण अशी, की सायक्लिक एएमपी वाढवायचं तर आधी दार वाजवावं लागे, म्हणजे रिसेप्टरमधून जावं लागे. मग नेमकं काम निरोपाने केलं की दारातल्या दुसऱ्या कशाने, हे वेगळं काढणं अवघड. १९८१ साली बेथेस्डाच्या एनआयएचमध्ये केनेथ सीमन, जॉन डेली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मुलुंडचा रेणू सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमलाच थेट चालू करतो. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगिन टाळून सरळ सर्व्हरला कॉल! यानंतर जगभरच्या प्रयोगशाळा फोर्स्कोलिन मागवू लागल्या. हे एन्झाइम शुद्ध करण्यासाठीही तेच गळासारखं वापरलं गेलं. १९९७ साली डॅलसमधल्या शास्त्रज्ञांनी त्या एन्झाइमच्या गाभ्याचं स्फटिकचित्र मिळवलं, तेव्हा त्यात फोर्स्कोलिन बसलेलं होतं.

औषध म्हणून मात्र ते फार पुढे गेलं नाही. पाण्यात नीट विरघळत नाही. जपानने विरघळणारं रूप करून हृदयासाठी शिरेतून द्यायला घेतलं, तेवढंच. आणि जो गुण प्रयोगशाळेत कामाचा, तोच शरीरात अडचणीचा. अल्ब्युटेरॉल ठरावीक दार वाजवतं, शिवाय पंपातून थेट छातीत जातं. फोर्स्कोलिनला दार लागतच नाही. हृदय, रक्तवाहिन्या, सगळीकडे ते शिरतं. दहा वर्षांच्या मुलावर मी हा प्रयोग करणार नव्हतो. त्याच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही पंप थांबवू नका म्हणून बजावलं.

मावशीला हे सगळं सांगितलं. ती जरा रुसली. मग म्हणाली, "मुलुंडला? आपल्या मुलुंडला?" आणि सुजाता भटांचं नाव कागदावर लिहून घेतलं. बाटली वरच्या फळीवर गेली. पंप दप्तरात आहे.