दिवाणखान्यांतील जॅझ

जॅझ-संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा नाचघरांपासून आरंभ करतात आणि ध्वनिमुद्रिकांच्या याद्यांपाशीं येऊन थांबतात. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरील बँड, शिकागोचीं नाचघरें, न्यूयॉर्कचे क्लब, या स्थळांचा मान मोठा आहे आणि तो कोणी हिरावून घेऊं नये. परंतु हें संगीत जेथें शिकलें गेलें, जपलें गेलें आणि एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें, अशी आणखी एक जागा आहे. ती म्हणजे सामान्य गृहस्थाच्या घरांतील पियानोची खोली. तिची उपेक्षा होऊं नये असें आम्हांस वाटतें. आणि तसें कां वाटतें तें एका अल्पपरिचित धुनेच्या कथेवरून सांगण्याचा येथें विचार आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेत पियानो ही केवळ श्रीमंतांची वस्तु राहिली नव्हती. १९०९ या एका सालांत तेथें साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. इतकीं वाद्यें घरोघर गेलीं म्हणजे त्यांवर वाजवावयास कांहींतरी हवेंच. तें छापील स्वरलेखनानें पुरविलें. स्कॉट जॉप्लिनचा ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ सालीं मिसूरी राज्यांतील सेडालिया या लहानशा गांवीं छापला गेला, आणि ज्यांनीं जॉप्लिनला कधीं पाहिलेंही नाहीं अशांच्या घरीं तो वाजूं लागला. पुढें भोकें पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानो निघाले. जेम्स पी. जॉन्सनच्या ‘कॅरोलिना शाउट’ची अशी गुंडाळी १९२१ सालीं निघाली. वॉशिंग्टनमधील एका तरुणानें मित्राच्या घरीं तें यंत्र सावकाश चालवून, खालीं जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटें ठेवून ती धून आत्मसात केली. तो तरुण म्हणजे पुढें जगद्विख्यात झालेला ड्यूक एलिंग्टन. हार्लेममध्यें तर घरभाडें भरावयास पैसे हवेत म्हणून नीग्रो कुटुंबें पाहुण्यांकडून वर्गणी घेऊन घरींच रात्रभर पियानोची मैफल भरवीत. जॉन्सन, फॅट्स वॉलर यांच्यासारखे वादक तेथें एकमेकांशीं स्पर्धा करीत. तात्पर्य, घर हें या कलेचें आश्रयस्थान होतें, तसेंच ती तिची शाळाही होती.

आतां आमच्या धुनेकडे वळूं. तिचा कर्ता लिऑन बिस्मार्क बायडरबेक. मित्रमंडळी व रसिक त्याला ‘बिक्स’ म्हणत. त्याचा जन्म आयोवा राज्यांत, मिसिसिपीच्या कांठीं वसलेल्या डॅव्हनपोर्ट शहरीं १० मार्च १९०३ रोजीं झाला. लहानपणीं ऐकलेली धून घरच्या पियानोवर तो केवळ कानानें काढी. कॉर्नेट हें वाद्यही तो ध्वनिमुद्रिका ऐकून स्वतःच शिकला, आणि कॉर्नेटवादक म्हणूनच त्याची कीर्ति झाली. स्वरलेखन वाचण्यांत तो कच्चाच राहिला. परंतु त्याच्या आवडीची धांव लांबची होती. देबुसी व रावेल हे फ्रेंच रचनाकार आणि ईस्टवुड लेन हा त्याचा देशबांधव यांच्या स्वरसंवादांनीं त्याला भारून टाकलें होतें. ज्यांत सर्व स्वरांतरें सारखींच असल्यामुळें षड्ज कोठें आहे हें कानास उमगूं नये, अशी देबुसीची स्वरपंक्ति तो जॅझच्या लयींत बसवूं पाहत होता. कॉर्नेटवर एका वेळीं एकच स्वर निघतो. म्हणून या वेडासाठीं त्याला पियानोच हवा होता.

सप्टेंबर १९२७ मध्यें न्यूयॉर्क येथें ओके कंपनीसाठीं त्यानें ‘इन ए मिस्ट’, म्हणजे ‘धुक्यांत’, ही आपली रचना एकट्यानें पियानोवर वाजविली. त्याच्या एकल पियानोवादनाची एवढीच एक ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहे. पुढील वर्षीं ७ ऑक्टोबर रोजीं पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदाबरोबर कार्नेगी हॉलमध्यें त्यानें हीच रचना सादर केली.

रॉबिन्स या संगीत-प्रकाशन संस्थेनें ही रचना छापावयाचें ठरविलें आणि तेथें खरी अडचण उभी राहिली. लिहून घेण्याचें काम व्हाइटमनचा संयोजक बिल चॅलिस याच्याकडे आलें. बिक्सनें एक ओळ वाजवावी, चॅलिसनें ती टिपावी, पुन्हां वाजव म्हणावें, तों दुसऱ्या वेळीं ती निराळीच निघावी! आपल्याकडे एखाद्या बुजुर्ग गवयाच्या तोंडून चीज उतरवून घेणाऱ्यास असाच अनुभव येतो. चॅलिसनें चिकाटी सोडली नाहीं. छापील ‘इन ए मिस्ट’मध्यें तर ध्वनिमुद्रिकेंत नसलेला एक संथ भागही आला. याच रीतीनें पुढें ‘कँडललाइट्स’ १९३० सालीं आणि ‘फ्लॅशेस’ व ‘इन द डार्क’ १९३१ सालीं प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षीं, ६ ऑगस्ट रोजीं, मद्यानें पोखरलेल्या शरीराचा हा कलावंत अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं न्यूयॉर्कमध्यें वारला.

या शेवटच्या तीन रचना बिक्सनें कधींच ध्वनिमुद्रित केल्या नाहींत. ‘कँडललाइट्स’ म्हणजे मेणबत्त्यांचा मंद उजेड; पण तो उजेड तिच्या कर्त्याच्या हातून कसा पडत असे हें कानांनीं पडताळावयास कांहींही साधन नाहीं. आहेत तीं छापलेलीं थोडीं पानें. बनी बेरिगननें १९३८ सालीं आपल्या वाद्यवृंदासाठीं या रचना घेतल्या. जेस स्टेसीनें १९३९ सालीं ‘कँडललाइट्स’ पियानोवर ध्वनिमुद्रित केली. एरवीं मोठ्या बाजारानें या धुनेकडे पाठच फिरविली. मधल्या काळांत रेडिओ व ग्रामोफोन यांनीं घरांतील पियानोलाही मागें सारलें होतें. तरीही ती धून मेली नाहीं. कोणीतरी तीं पानें उघडून घरीं बसून बोटांत आणीत राहिलें, आणि चार स्नेह्यांस ऐकवीत राहिलें.

येथें कोणी म्हणेल, हौशी गृहस्थाचें घरगुती वादन म्हणजे मुळाची दुबळी नक्कलच ना? परंतु ज्या धुनेचें मूळ वादन उरलेलेंच नाहीं, तिची नक्कल व्हावी कशाची? तेथें प्रत्येक वादन हाच तिचा नवा जन्म होय. मग वादकानें छापील अक्षराला जागावें, कीं दोनदां सारखें न वाजविणाऱ्या बिक्सच्या वृत्तीला? आमच्या मतें दोघांनाही. चॅलिसचीं पानें नसतीं तर धून उरलीच नसती. म्हणून प्रथम तीं निष्ठेनें वाजवावीं. परंतु तीं पानें वाहत्या पाण्यांतून भरून घेतलेली एक ओंजळ आहेत, हें विसरूं नये. पाठ पक्का झाल्यावर वादकानें एखाद्या वळणावर क्षणभर रेंगाळावें, एखादी स्वरसंगति आपल्या मनाप्रमाणें उलगडावी. तेवढ्यानें कर्त्याचा अवमान होत नाहीं, उलट त्याची रीतच पाळली जाते.

अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें १९३० सालीं प्रसिद्ध झालेल्या कृतींवरील हक्काची पंचाण्णव वर्षांची मुदत २०२५ सालाच्या अखेरीपर्यंतच पोंचते. म्हणजे यापुढें ‘कँडललाइट्स’ तेथें कोणा एकाच्या मालकीची राहत नाहीं. घरच्या घरीं वाजवावें, तेथेंच ध्वनिमुद्रण करावें आणि समानधर्मी रसिकांस तें दूरवर ऐकवावें, हेंही आज फारसें अवघड उरलेलें नाहीं. अशा वादनांत कोठें बोट चुकतें, कोठें खोलीबाहेरचा आवाज मिसळतो. जाणत्यांनीं त्याबद्दल नाक मुरडूं नये. प्रसिद्ध कृतींना जपणारे पुष्कळ असतात. अप्रसिद्ध कृतीला मात्र एखाद्या अनामिक गृहस्थानें रात्रीं कामधाम आटोपून दिलेला अर्धा तासच जगवितो. इतिहासकारांनीं या अर्ध्या तासाची नोंद घ्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.