विस्तार शिक्षण आणि नागरी हक्क, अमेरिकेतील

विस्तार शिक्षण आणि नागरी हक्क, अमेरिकेतील : विद्यापीठातले ज्ञान शेतात, स्वयंपाकघरात आणि गावच्या सभागृहात पोहोचवणाऱ्या अमेरिकेतील सार्वजनिक विस्तार सेवेवर नागरी हक्क कायद्यांनी घातलेली बंधने, आणि ती पाळण्यासाठी तिथे रूढ झालेली कार्यपद्धती. या सेवेला कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन म्हणतात. तिचा खर्च संघराज्य, राज्य आणि काउंटी (राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) असे तिघे मिळून उचलतात. पिकांची प्रात्यक्षिके, शेतकऱ्यांचे मेळावे, मुलांचे फोर-एच क्लब, गृहिणींची मंडळे, पोषण आहाराचे वर्ग ही तिची नेहमीची कामे. या वर्गांना हजेरीची सक्ती नाही, प्रवेश परीक्षा नाही. येणारा आपल्या मर्जीने येतो. म्हणूनच इथला भेदभाव शाळेतल्यासारखा चटकन डोळ्यांत भरत नाही. दारातून कोणाला परत पाठवलेले नसते. अमक्या वस्तीत कार्यक्रमाची खबरच गेलेली नसते. ही खबर पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, ती कुठवर, आणि ती पार पाडल्याचा पुरावा काय, याभोवती हा सगळा विषय फिरतो.

पूर्वपीठिका : 2 जुलै 1862 रोजी अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. राज्यांनी सरकारी जमिनीच्या उत्पन्नातून शेती आणि यंत्रविद्येची महाविद्यालये काढावीत, अशी ही योजना होती. यातून उभ्या राहिलेल्या लँड ग्रँट महाविद्यालयांची दारे दक्षिणेत कृष्णवर्णीयांना बंदच राहिली. 1890 च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने राज्यांपुढे दोन पर्याय ठेवले : प्रवेश देताना वंश पाहू नका, नाही तर कृष्णवर्णीयांसाठी वेगळी संस्था दाखवा. दक्षिणेतील राज्यांनी दुसरा पर्याय निवडला. त्यातून घडलेल्या, आणि पुढे त्यांच्यात मोजल्या गेलेल्या, 19 संस्था आजही ‘1890 च्या संस्था’ म्हणूनच ओळखल्या जातात.

विस्तार सेवेचा पाया 8 मे 1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने घातला. विधेयक सिनेटमध्ये असताना कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनाही या पैशाचा न्याय्य वाटा मिळावा, यासाठी वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर वेस्ली जोन्स झगडले. जॉर्जियाचे होक स्मिथ आणि मिसिसिपीचे जेम्स व्हार्डमन यांनी त्यांना कडाडून विरोध केला. शेवटी पैसा कोणत्या महाविद्यालयाकडे सोपवायचा, हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवावे असे कलम आले. दक्षिणेतल्या विधिमंडळांकडून काय ठरणार, हे मतदानाला बसलेल्या प्रत्येकाला कळत होते. सूत्रे गोऱ्यांच्या महाविद्यालयांकडे गेली. कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांची वेगळी शाखा झाली. पगार कमी, कचेरी वेगळी आणि काम फक्त आपल्या लोकांत.

टस्कीगीची गाडी : वंचितांच्या दाराशी जाऊन शिकवण्याची रीत मात्र या कायद्याच्या आठ वर्षे आधी अलाबामातल्या टस्कीगी संस्थेने घालून दिली होती. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ (1981) या पुस्तकामुळे टस्कीगी हे नाव मराठी वाचकाच्या घरातले झाले आहे. संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांना जाणवले की, ज्याला मळ्यातून एक दिवसही सुटता येत नाही तो संस्थेत येऊन शिकणार नाही. तिथले शेतीतज्ज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी घोडागाडीचा आराखडा काढला, न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसे दिले आणि 1906 मध्ये ‘जेसप वॅगन’ रस्त्यावर आली. गाडीत नांगर, बियाणे, खतांचे नमुने, लोणी काढायचे घुसळण-यंत्र असा सरंजाम असे. एखाद्याच्या शेतात गाडी थांबायची, आजूबाजूची कुटुंबे जमायची आणि तिथल्याच मातीत प्रात्यक्षिक व्हायचे. गाडी सांभाळणारे थॉमस मनरो कॅम्पबेल यांना त्याच वर्षी संघराज्याच्या कृषी खात्याने नेमले. ते देशातले पहिले कृष्णवर्णीय विस्तार कार्यकर्ते. पुढे घोडागाडीच्या जागी मोटारगाडी आली आणि 1923 मध्ये नवा ट्रक. त्यासाठी खुद्द कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी वर्गणी काढली. त्यातून शेतीच्या कार्यकर्त्याबरोबर गृहविज्ञान शिकवणारी बाई आणि परिचारिकाही हिंडत.

1964 चा कायदा आणि विलीनीकरण : 2 जुलै 1964 च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण तिथे सर्रास ‘टायटल सिक्स’ म्हणून ओळखले जाते. संघराज्याचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही उपक्रमातून वंश, वर्ण किंवा मूळ राष्ट्रीयत्व यांवरून कोणालाही वगळता येणार नाही, हे त्याचे सार. त्याचे शस्त्र म्हणजे अनुदान. आधी समजुतीने नियम पाळायला लावायचे. ते न जमल्यास सुनावणी घ्यायची, संसदेच्या संबंधित समित्यांना अहवाल द्यायचा आणि त्यानंतर 30 दिवसांनी पैसा बंद करायचा. इतकी वळणे असल्याने हे शस्त्र क्वचितच म्यानातून बाहेर येते.

कायदा आल्यावर दक्षिणेतल्या राज्यांनी 1965 च्या सुमारास दोन शाखा एक केल्या. कागदावर भेद संपला. पण अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांची राज्यपातळीवरची कचेरी बंद झाली आणि काउंटीचा स्वतंत्र कारभार पाहिलेल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याला गोऱ्या प्रमुखाच्या हाताखाली ‘सहायक’ हुद्दा मिळाला. वस्त्या-वस्त्यांतली घरे ज्यांना नावानिशी ठाऊक होती, नेमकी तीच माणसे निर्णयाच्या जागेवरून हटली. पुढच्या साठ वर्षांत सर्वांपर्यंत पोहोचण्यासाठी जे नियम, तक्ते आणि प्रशिक्षणे करावी लागली, त्यांतली बरीचशी या एका चुकीची भरपाई आहे.

अलाबामातल्या विलीनीकरणावर ‘स्ट्रेन विरुद्ध फिल्पॉट’ (1971) या खटल्यात न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी कडक निवाडा दिला. नेमणुका, बढत्या आणि प्रत्यक्ष सेवा या तिन्हींत भेदभाव झाल्याचे ठरवून त्यांनी तपशीलवार सुधारणा लादल्या.

बेझमोर खटला : उत्तर कॅरोलायनात 1 ऑगस्ट 1965 रोजी शाखा एक झाल्या, पण कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या पगारातली जुनी तूट तशीच पुढे चालत आली. फोर-एच क्लब आणि गृहिणींची मंडळेही बहुतांशी एकाच वंशाची राहिली. ‘बेझमोर विरुद्ध फ्रायडे’ हा दावा सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि 1 जुलै 1986 रोजी निकाल लागला. पगाराबद्दल सगळे न्यायमूर्ती एकमुखी होते : तफावतीचे मूळ कायद्यापूर्वीचे असले, तरी कमी रकमेचा प्रत्येक पगार हा नवा कायदाभंग आहे. क्लबांबद्दल मात्र न्यायालय 5 विरुद्ध 4 असे दुभंगले. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांचे म्हणणे असे : शाळेत मूल कुठे जाणार हे सरकार ठरवते, क्लबात मूल आपखुशीने जाते, राज्याने भेद थांबवला, क्लब सर्वांना खुले केले, यापुढे एकवंशी क्लब उरले तर तो राज्याचा दोष नव्हे. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी उलट बाजू मांडली. कृषी खात्याचे नियमच सांगतात की, नुसते थांबणे पुरेसे नाही, वगळले गेलेल्यांना आत आणण्यासाठी पावले उचलली पाहिजेत.

यात ब्रेनन यांची बाजूच सरस वाटते. आठ-नऊ वर्षांचे मूल क्लब ‘निवडत’ नाही. शेजारची मुले जिथे जातात, ज्या घरी बैठक भरते त्या घराशी आईची ओळख असते, तिथे ते जाते. ही ओळखीची वाट अर्धशतकभर सरकारी पैशानेच वेगळी आखून ठेवली होती. ती आपोआप एक होईल असे मानणे, हा त्या मुलांवर दुसऱ्यांदा झालेला अन्याय होता.

शक्य ते सर्व वाजवी प्रयत्न : न्यायालयाने क्लबांबाबत राज्याला मोकळे केले, तरी प्रशासनाच्या नियमांत प्रयत्नांचे बंधन टिकले आणि विस्तार कार्यकर्त्याच्या रोजच्या कामाला त्यानेच आकार दिला. मिश्र वस्तीतला एखादा क्लब एकाच वंशाचा असेल, तर कार्यकर्त्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. वर्तमानपत्रे, आकाशवाणी अशा सर्व माध्यमांतून, त्यांत अल्पसंख्य समाजाची माध्यमे धरून, जाहीर निमंत्रण दिले. ज्यांना हा कार्यक्रम उपयोगी पडेल त्यांना व्यक्तिगत पत्रे पाठवली. आणि त्या भागातल्या पुरेशा लोकांची घरी जाऊन भेट घेतली. तिन्हींचे पुरावे फाइलला लागतात : जाहिरातीचे कात्रण, पत्राची प्रत आणि ती कोणाकोणाला गेली त्यांची यादी, भेटींच्या तारखा. तिसऱ्या अटीत टस्कीगीच्या गाडीचा वारसा सरळ दिसतो.

दुसरे मोजमाप समप्रमाणाचे. काउंटीतल्या संभाव्य सहभागींपैकी अमक्या गटाचे जितके टक्के, त्याच्या निदान 80 टक्के प्रमाण प्रत्यक्ष हजेरीत दिसावे, असा प्रघात आहे. म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्यांत कृष्णवर्णीय 25 टक्के असतील, तर प्रशिक्षणाला येणाऱ्यांत ते 20 टक्के तरी हवेत. म्हणून हजेरीपत्रकावर वंश आणि लिंग यांचे रकाने असतात. ते भरणे ऐच्छिक असते. आकडा कमी पडला म्हणजे भेदभाव सिद्ध झाला असे नाही. मात्र मग फाइल उघडते आणि प्रयत्न तपासले जातात. ज्या संस्था वंशावरून सभासदत्व नाकारतात त्यांच्या जागेत कार्यक्रम घेता येत नाही. कचेरीत ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हा 11 बाय 17 इंचांचा फलक दर्शनी भागी लावावा लागतो. पत्रके आणि पुस्तिकांवर भेदभाव न करण्याचे निवेदन छापावे लागते. तक्रारीला घटनेपासून 180 दिवसांची मुदत असते.

वर्ज्य भेदांची यादी पुढे वाढत गेली. 1972 च्या टायटल नाइनने शिक्षणातला लिंगभेद, 1973 च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम 504 ने अपंगत्व आणि 1975 च्या कायद्याने वय त्यात आणले. 1988 च्या कायद्याने संस्थेच्या एका विभागाने पैसा घेतला तरी सबंध संस्था बांधील ठरवली. हा कायदा रोनाल्ड रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून झाला. 1990 च्या अपंगत्व कायद्यानंतर रॅम्प, सांकेतिक भाषेचा दुभाषा, मोठ्या ठशातले साहित्य या सोयी कार्यक्रमाच्या आखणीतच धराव्या लागतात.

भाषा : ‘मूळ राष्ट्रीयत्व’ या शब्दांत भाषाही येते, हे सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी विद्यार्थ्यांच्या ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ (1974) खटल्याने ठरले. 2000 मध्ये बिल क्लिंटन यांनी आदेश 13166 काढून इंग्रजी कमी येणाऱ्यांना सरकारी कार्यक्रमांचा अर्थपूर्ण लाभ मिळावा असे फर्मावले. किती लोक, किती वेळा गाठ पडते, विषय किती महत्त्वाचा आणि हाताशी साधने किती, अशा चार कसोट्या लावून भाषांतर कुठवर करायचे ते ठरे. कीटकनाशकाच्या डब्यावरची सूचना आणि फुलबागेचे पत्रक यांना एकच माप लागत नाही, हे तारतम्य त्यात होते. याच काळात ‘अलेक्झांडर विरुद्ध सँडोव्हल’ (2001) निकालाने एक दार बंद झाले : हेतू भेदभावाचा नाही पण परिणाम तसा होतो, एवढ्यावर नागरिकाला टायटल सिक्सखाली स्वतः दावा लावता येईनासा झाला.

मर्यादा : निमंत्रण दिल्याचा कागद आणि निमंत्रण पोहोचणे यांत किती अंतर असते, याचा दाहक दाखला कर्जवाटपातील भेदभावाच्या ‘पिगफर्ड विरुद्ध ग्लिकमन’ या खटल्यात आहे. तो विस्तार सेवेचा नाही, पण कृषी खाते तेच. 1999 च्या तडजोडीत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना भरपाई मिळायची होती आणि दाव्यांची सूचना रीतसर प्रसिद्ध झाली होती. तरीही साठ हजारांहून अधिक लोकांनी मुदतीनंतर अर्ज केले आणि त्यांतल्या बहुतेकांची सुनावणीच झाली नाही. त्यांच्यासाठी 2010 मध्ये 1.25 अब्ज डॉलरची दुसरी तडजोड करावी लागली.

याउलट 1969 पासून चालणारा पोषण शिक्षणाचा एफनेप हा उपक्रम कागदापेक्षा माणसांवर उभा राहिला. अल्प उत्पन्न गटातल्या वस्त्यांतल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन शिक्षिका नेमायचे, ही त्याची रीत. त्या तिथलीच भाषा बोलतात, कोणत्या दुकानात काय भावाने मिळते ते जाणतात. सर्वसमावेशकतेच्या बाबतीत विस्तार सेवेने केलेले हे सर्वांत भरीव काम म्हणावे लागेल.

संस्थांमधली विषमताही मिटलेली नाही. 1890 च्या संस्थांना संशोधन आणि विस्तारासाठी संघराज्याचा नियमित निधी 1977 च्या कायद्यापासून सुरू झाला, आदिवासी महाविद्यालयांना लँड ग्रँट दर्जा 1994 मध्ये मिळाला. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण व कृषी या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी 16 राज्यपालांना पत्रे लिहून, त्यांच्या राज्यांतल्या 1890 च्या संस्थांना तीन दशकांत 12 अब्ज डॉलरहून अधिक कमी मिळाल्याचे कळवले.

भारतातली कृषी विद्यापीठे लँड ग्रँट धाटणीवरच उभी राहिली. पहिले 1960 मध्ये पंतनगरला निघाले, तर महाराष्ट्रातले पहिले 1968 मध्ये राहुरीला. संशोधन, शिक्षण आणि विस्तार ही त्रयी आपण उचलली. अनुसूचित जाती-जमातींसाठी निधीची वेगळी तरतूदही इथे आहे. पण मेळाव्याला कोणत्या वस्तीतून कोण आले, कोणाला बोलावणे गेले नाही, याची फाइल ठेवण्याचा अमेरिकी शिरस्ता त्या धाटणीबरोबर आला नाही.

अलीकडील बदल : 2025 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रशासनाने दिशा पालटली. 1 मार्चच्या आदेश 14224 ने इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवून क्लिंटन यांचा आदेश 13166 रद्द केला. 23 एप्रिलच्या आदेश 14281 ने, हेतू न पाहता परिणामांवरून भेदभाव ठरवण्याची पद्धत संघराज्याच्या कारभारातून शक्य तितकी हद्दपार करण्याचे ठरवले. टायटल सिक्स हा संसदेचा कायदा असल्याने तो जागेवर आहे. काउंटीतल्या कार्यकर्त्याने उद्या कोणत्या वस्तीत, कोणत्या भाषेतले पत्रक घेऊन जायचे हे आता पूर्वीपेक्षा अधिक राज्य, विद्यापीठ आणि त्या कार्यकर्त्याच्या निष्ठेवर सोपवलेले आहे.